एक्स-टी३० की एक्स-एस१०? जुनी लेन्स लावायची असेल तर

फुजीफिल्मच्या या दोन बॉडी शेजारी ठेवून कागदावरचे आकडे बघितले तर फरक शोधावा लागतो. सेन्सर तोच २६.१ मेगापिक्सेलचा, प्रोसेसर तोच, व्ह्यूफाइंडर दोन्हीकडे २३.६ लाख डॉटचा, बॅटरीसुद्धा तीच. एक २०१९ चा, दुसरा २०२० चा. फुजीच्याच ऑटोफोकस लेन्स वापरणार असाल तर दोन्ही हातात घेऊन बघा आणि जो आवडेल तो घ्या, फार डोकं लावू नका. पण मला लावायची होती हेलिओस ४४-२, झेनिट कॅमेऱ्यावर यायची ती सोव्हिएत ५८ मिमी एफ/२, आणि अशी लेन्स आली की सगळा हिशोबच बदलतो.

रिव्ह्यूवाले ज्याच्यावर अर्धा तास बोलतात ते आय डिटेक्शन (कॅमेऱ्याने डोळा ओळखून आपोआप फोकस करणं), ट्रॅकिंग वगैरे इथे काही कामाचं नाही, फोकस हातानेच करायचा, कारण जुनी लेन्स बॉडीला जोडणारा अडॅप्टर म्हणजे नुसती धातूची रिंग. एम४२ (हेलिओसचा जुना स्क्रू माउंट) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, फुजीच्या माउंटचं अंतर १७.७ मिमी, मधली जागा ही रिंग भरते, बास. आत काच नसते त्यामुळे लेन्सचा दर्जा जसा आहे तसाच मिळतो. निकॉनच्या डीएसएलआरवर हे जमायचं नाही, तिथे अंतर ४६.५ मिमी, म्हणजे लेन्स आधीच लांब पडते आणि लांबचं फोकस हवं तर काचवाला अडॅप्टर लागतो. मिररलेस आल्यावर या लेन्सना परत भाव आला तो यामुळेच.

मग बघायचं काय? माझ्या मते एकच गोष्ट, फोकस करताना चित्र स्थिर दिसतं का. एपीएस-सी सेन्सरवर (या दोन्हीतला, फुल फ्रेमपेक्षा लहान) ५८ मिमी म्हणजे साधारण ८७ मिमीची फ्रेम, एफ/२ ला डोळा शार्प आणि कान ब्लर इतकी कमी डेप्थ, त्यामुळे पीकिंगच्या (फोकसमधला भाग दाखवणाऱ्या) रंगीत कडांवर भरवसा ठेवून चालत नाही, मागचं डायल दाबून झूम करूनच बघावं लागतं. आणि झूम केलं की हाताची बारीकशी थरथरसुद्धा एवढी मोठी दिसते की पापणी पकडता पकडता नाकीनऊ येतात. एक्स-एस१० मध्ये आयबिस आहे, म्हणजे सेन्सरच हलून हात सावरतो, आणि ते चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये शांत होतं. लोक आयबिसचा विचार स्लो शटरसाठी करतात, तो फायदा आहेच, गणपतीत मांडवातल्या लाइटवर मूर्तीचा फोटो १/२५ ला हातात धरून निघतो, पण ढोलवाल्याचा हात त्या स्पीडला ब्लर होणारच, तिथे आयबिस काही करू शकत नाही. मॅन्युअल लेन्सवाल्यांसाठी खरा फायदा फोकसिंगचा आहे आणि त्यावर फार कमी बोललं जातं.

एक्स-टी३० सोडताना जीवावर आलं हे खरं. ३८३ ग्रॅम विरुद्ध ४६५, आणि वर शटर स्पीडचं डायल. लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंग, बॉडीवर शटर, कॅमेरा बंद असतानाही दोन्ही आकडे समोर दिसतात, जुन्या लेन्सबरोबर ही जोडी फार सुंदर चालते. २८ किंवा ३५ मिमी लावून दिवसा रस्त्यावर फिरणार असाल तर बिनधास्त तोच घ्या.

सेटिंगचं म्हणाल तर मेनूत 'शूट विदाउट लेन्स' ऑन करा, नाहीतर शटरच पडणार नाही. एक्स-एस१० वर 'माउंट अडॅप्टर सेटिंग' मध्ये फोकल लेंथ ५८ टाका, ८७ नाही, आयबिस त्याच आकड्यावर चालतं.

हेलिओसचा तो गोल फिरणारा बॅकग्राउंड बघून लेन्स घेणार असाल तर लक्षात ठेवा, तो इफेक्ट फ्रेमच्या कडांना असतो आणि एपीएस-सी मध्ये कडाच कापल्या जातात. थोडा दिसतो, मागे झाडी असेल आणि माणूस जवळ असेल तर. पूर्ण हवा तर फुल फ्रेम बॉडी बघा.

आणि लेन्स सेकंडहँड घेताना, मुंबईच्या बोरा बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.