आईच्या वहीतलं श्टुटगार्ट

आमच्या आईकडे एक दोनशे पानी वही आहे. डावीकडचं पान साताऱ्याचं, उजवीकडचं श्टुटगार्टचं. २०१७ साली मी नोकरीसाठी जर्मनीला गेले. तेव्हापासून फोनवर बोलता बोलता मी जो जो भाव सांगितला, तो तिनं उजवीकडे टिपलाय आणि त्याच्यासमोर त्याच आठवड्यातला मंडईतला नाहीतर किराणा दुकानातला. सुरुवातीला ती माझ्या आकड्यांना पंच्याहत्तरनं गुणायची. शाळेत छड्या खात पाठ केलेली पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, साठीला आल्यावर कामाला आली, याचं तिला कोण कौतुक! आता युरो शंभरीपार गेलाय. नुसती दोन शून्यं द्यायची, पाऊणकी पुन्हा अडगळीत. रुपया पडल्याचं आईला वाईट वाटलं ते एवढ्याचसाठी.

या डिसेंबरात महिनाभर शनिवार पेठेतल्या घरी आले होते. गॅलरीत ऊन खात बसले होते, तर आईनं वही आणून पुढ्यात टाकली. "बघ, काही चुकलंय का."

पहिलं पान भाड्याचं. जर्मनीत भाडी दोन असतात, एक थंड आणि एक गरम. हे मी बनवून सांगत नाही, त्यांचे शब्दच तसे आहेत. थंड भाडं नुसत्या भिंतींचं. त्यात हीटर, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा असं सगळं मिळवलं की ते गरम होतं. (घरातली वीज बहुतेक वेळा आणखी वेगळी, ती कुठल्याच तापमानात बसत नाही.) हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा आई म्हणाली होती, "मग गारच घे की. दोन स्वेटर देते विणून." त्याखाली एक ओळ आहे, तिच्याखाली दोन रेघा मारलेल्या: 'टीव्ही नाही – १८.३६'. तिथं सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी दर घराला महिन्याला १८ युरो ३६ सेंट. घरात टीव्ही असो, नसो, रेडिओसुद्धा नसो. नसलेल्या वस्तूचे पैसे भरणारी मी आमच्या घराण्यातली पहिली.

पण वहीत जे नाही, ते माझं वजन. जाताना मी ७१ किलो होते. दोन वर्षांनी सुट्टीला आले ती ६३. पेठेत बातमी पसरली. शेजारच्या काकू तर दार लोटून घेऊन हळूच विचारायला आल्या, "खरं सांग, कसली पावडर घेतेस?" मी म्हटलं, "काकू, पावडर कसली, परवडत नाही म्हणून झालंय हे." त्यांना काही ते पटलं नाही. युरोत पगार घेणाऱ्या मुलीला परवडत नाही म्हणजे काय! पण खरं तेच होतं. माझ्या तब्येतीमागे शिस्त, संयम, योगासनं असलं काही नाही, चक्क कंजूषपणा आहे.

तिथं वस्तू तितक्या महाग नाहीत. दूध लिटरला युरोच्या आसपास. आईनं डावीकडचा म्हशीच्या दुधाचा भाव पाहिला, उजवीकडचा पाहिला आणि मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. महाग आहेत ते माणसाचे हात. नळ गळायला लागला तर प्लंबर नुसता दारात उभा राहायचे शंभर युरो लावतो, नळ त्यानंतर. केस कापायला पन्नास, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच माझी वेणी कमरेपर्यंत आली. बाहेर जेवायचं तर एका ताटाला पंधराच्या पुढेच. मग स्वयंपाक मी, फरशी मी, सायकलचं पंक्चर मी, कपाटाचे स्क्रू मी. डाव्या पानावर यासमोर एकच ओळ आहे: 'मावशी, धुणं-भांडी – १,८००'.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या महिन्यात नळाचं पाणी प्यायची छाती होईना, म्हणून काचेच्या बारा बाटल्यांचा क्रेट विकत आणायचे. बाटल्यांसकट सोळा-सतरा किलो भरत असेल. दुसऱ्या मजल्यावर एकदा टेकवायचा, देवाचं नाव घ्यायचं, पुन्हा उचलायचा. रिकाम्या बाटल्याही फेकायच्या नाहीत, कारण त्यांवर ठेव भरलेली असते. पातळ प्लॅस्टिकच्या एका बाटलीवर २५ सेंट. दुकानातल्या यंत्रात बाटली सारली की पावती येते, म्हणून रिकामा क्रेट घेऊन पुन्हा चार मजले खाली. आईनं याला वहीत 'भंगार' असं लिहिलंय आणि २५ ला शंभरनं गुणून एका बाटलीचे २,५०० रुपये केलेत. एवढी एक चूक मी दुरुस्त केली. पुढे ऑफिसातली एकजण म्हणाली, "अगं, नळाचं उत्तम असतं, आम्ही तेच पितो." तोवर माझे दंड तयार झाले होते.

त्यात केअरवोखे. श्टुटगार्टच्या बाजूचे लोक श्वाबी. त्यांच्या चिकटपणावर आणि टापटिपीवर बाकीचे जर्मन विनोद करतात. केअरवोखे म्हणजे झाडायचा आठवडा. बिल्डिंगमधल्या घरांची पाळी लागते. आपली आली की दारावर एक पाटी लटकते आणि मग त्या आठवड्यात जिना, तळघराची वाट, दारापुढचा फुटपाथ आपण झाडायचा-पुसायचा. बर्फ पडला असेल तर सकाळी सातच्या आत फावडं घेऊन हजर. खालच्या मजल्यावरच्या पंच्याहत्तरीच्या आजी कठड्यावरून बोट फिरवतात, बोटाकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. आमच्या आजीची आठवण यावी असं ते बघणं. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते.

तिथं चालण्याला कुणी व्यायाम म्हणत नाही. शहर वाडग्यात बसल्यासारखं, चहूबाजूंनी टेकड्या, उतारावर द्राक्षमळे. त्या मळ्यांत ये-जा करायला बांधलेले दगडी जिने अजून शहरभर आहेत, चारशेहून जास्त. श्टेफेले म्हणतात त्यांना. ट्राम चुकली की मी जिन्यानं जाते, दुसरं काय करणार. शिवाय देशभराच्या लोकल गाड्यांना आणि बसला चालणारा महिन्याचा पास. २०२३ साली तो निघाला तेव्हा ४९ युरो होता, मग ५८ झाला, जानेवारी २०२६पासून ६३. आईनं दोनदा खोडून लिहिलंय. एवढे पैसे भरलेत तर वसूल व्हायला नकोत? म्हणून रविवारी गाडी पकडायची, कुठल्या तरी आडगावी उतरायचं आणि रानातून पंधरा किलोमीटर चालायचं. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे खर्च करायची इच्छा झाली तरी सोय नाही.

आता डावं पान. बाबा रोज पहाटे साडेपाचला चार भिंतीच्या टेकडीवर जातात. थंडी असो, धुकं असो, खंड नाही. मला अभिमान आहे. पण जातात कसे? पायथ्यापर्यंत स्कूटरवरून. गाडी लावायची, चढायचं, उतरायचं, येताना पोवई नाक्यावर सगळ्यांचा मिळून चहा. कुणाचा वाढदिवस असेल तर वडा. बारा जणांच्या त्या मंडळात आठवड्याला दोन वाढदिवस कसे येतात, हे गणित आईलाही सुटलेलं नाही. साडेनऊला भाजीला राजवाड्याजवळ जायचं असतं. चालत सात-आठ मिनिटं. पुन्हा स्कूटर.

"बाबा, चालत जाऊ या की."

"आज झालंय चालून."

खाण्याचं म्हणाल तर श्वाबी लोक मसूर मनापासून खातात, हे कळल्यावर मला तिथं पहिल्यांदा माणसांत आल्यासारखं वाटलं. व्हिनेगरची आंबट धार असलेला मसूर, शेजारी जाड शेवयांसारखं काहीतरी आणि दोन सॉसेज. सॉसेज वजा करून एकदा मागवला. पहिला घास घेतला आणि कराड-इस्लामपूरच्या ढाब्यावरच्या अख्ख्या मसूरच्या आठवणीनं डोळे भरून आले. बिल आलं चौदा युरो, तेव्हा उरलेसुरलेही भरले. दुसऱ्या दिवशी अर्ध्या किलोचं पाकीट आणलं, कांदा-लसूण मसाला साताऱ्याचा होताच. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा तेच. ज्वारीचं पीठ मात्र परवडत नाही, भाकरी रविवारीच. आईची आजी सणाला पोळ्या करायची, तिची पणती सणाला भाकरी करते. अर्थात डाव्या पानावरही ज्वारी गव्हाच्या पुढे गेलीये, त्यामुळे मला फार टोमणे बसत नाहीत.

ऊन हा एक खर्च मी कधी धरला नव्हता. डिसेंबरात तिथं साडेचारला अंधार पडतो. हिवाळाभर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेते, त्याचीही नोंद उजवीकडे आहे. समोर आईनं ऐटीत लिहिलं होतं, 'ऊन – ०'. मग बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. ड जीवनसत्त्व कमी. दिवसभर सावली शोधत फिरणाऱ्या माणसाला, साताऱ्याच्या उन्हात, आठवड्याला एक पुडी दुधातून. शून्य खोडावं लागलं.

दाताचं पान आईला सगळ्यात आवडतं. आरोग्यविम्यासाठी तिथं पगारातून घसघशीत पैसे कापतात. १४.६ टक्के आणि वर आणखी थोडे, निम्मे आपले, निम्मे कंपनीचे. आकडा ऐकून आई दोन मिनिटं गप्प बसली होती. पण दातांची एक बोनस वही असते. दरवर्षी दात दाखवायचे, शिक्का घ्यायचा. पुढेमागे दातावर टोपी बसवायची वेळ आली तर ठरलेल्या साध्या उपचाराच्या खर्चातले ६० टक्के विमा देतो. सलग पाच वर्षांचे शिक्के असले तर ७०, दहा वर्षांचे असले तर ७५. हे ऐकल्यावर आईचा जर्मनीबद्दलचा आदर वाढला. "रेशनकार्डासारखं आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडी हे कौतुक आहे. माझे आठ शिक्के झालेत. दात मला आधी कुणी दाखवायला सांगितले नव्हते असं नाही, पण शिक्का कुणी दिला नव्हता.

सगळंच तिथं गोड नाही. पाठ धरली होती तेव्हा हाडांच्या डॉक्टरांची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. इथं मी जाऊन बसले की अर्ध्या तासात नंबर लागतो. "मग चार महिन्यांनी काय म्हणाले डॉक्टर?" आईनं विचारलं. काय म्हणणार, तोवर पाठ बरी झाली होती. आईनं त्यासमोर 'फी वाचली' असं लिहिलं.

त्या दिवशी वही अशी चाळून झाली आणि आई भाकऱ्या करायला उठली. मी माझं घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं. माझ्या विमा कंपनीचं एक ॲप आहे. घड्याळात ठरावीक पावलं पडली की गुण जमतात आणि गुणांचे वर्षाअखेरी थोडे पैसे मिळतात. पाच भाकऱ्या थापून झाल्या, घड्याळ पाहिलं तर सहाशे ऐंशी पावलं! ओट्यापासून आई वीतभरही हलली नव्हती. त्या यंत्राला हाताचा झोका तेवढा कळतो. बाबांना हे अजिबात आवडलं नाही.

मावशी मोरीत भांडी घासत ऐकत होत्या. सहा घरं करतात त्या, त्यातली दोन तिसऱ्या मजल्यावर. पदराला हात पुसून त्यांनी मनगट पुढं केलं. "मला बांदा की. उद्या आनून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. आकडा होता एकोणीस हजार चारशे.

"घासताना हात हलतो, ते पण धरलं असेल त्यात," बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले.

"मग घासायचं काय फुकट असतंय व्हय?" मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आन् चालायचं पैसं देत्यात व्हय तितं?"

"देतात. थोडे."

"मला सतरा वर्सं झाली या कामाला. माजं किती झालं असतं?"

आईनं वही उघडली. पेन्सिल काढली. एकदा डाव्या पानावर नेली, एकदा उजव्या पानावर.

"सांगा की वहिनी," मावशी म्हणाल्या, "मला अजून पाच घरं हायेत."