आमची वाटचाल: अनारसा हसला आणि अवॉर्ड मिळालं

आमच्या जाहिरातीच्या फर्मला पहिलं अवॉर्ड मिळालं ते अनारशाच्या पिठामुळे, आणि ते कसं मिळालं हे एकदा नीट लिहून ठेवायचं खूप दिवस मनात होतं.

2014 ला सदाशिव पेठेत एका वाड्याच्या पहिल्या मजल्यावर दोन टेबलं टाकून सुरुवात केली. दुकानांचे बोर्ड, पत्रिका, गणपतीतल्या कमानींवरच्या जाहिराती, जे येईल ते काम घेतलं, मग हळूहळू लक्ष्मी रोडची दोन-तीन दुकानं आली, भोसरीतले पार्ट्स बनवणारे आले. लॉकडाऊनमध्ये निम्मे क्लायंट थांबले पण आम्ही पगार कोणाचा थांबवला नाही, याचं समाधान ट्रॉफीपेक्षा मोठं आहे.

2022 ला पहिल्यांदा अवॉर्डला एंट्री पाठवली. डिझाइन खरंच सुंदर झालं होतं, फी भरली, रात्री जागून फॉर्म भरला आणि शॉर्टलिस्टमध्येसुद्धा नाव आलं नाही. फार वाईट वाटलं. नंतर शांतपणे फॉर्म परत वाचला तेव्हा लक्षात आलं की 'निकाल काय लागला' या रकान्यात आम्ही फक्त लाइक्स आणि व्ह्यूज लिहिलेत, विक्री वाढली का याचं उत्तरच नाही. क्लायंटकडे आकडे मागितले होते, त्यांनी दिले नाहीत आणि आम्हीही पुन्हा विचारलं नाही. जाहिरातीचा परिणाम किती झाला यावर दिले जाणारे एफी अवॉर्ड्स 1968 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाले, तिथे 30 टक्के मार्क निकालाला असतात आणि बक्षीस एजन्सी आणि क्लायंट दोघांचं असतं, हे मी त्या वेळी बसून वाचलं. आमचं अवॉर्ड त्यामानाने खूप लहान, पण विचारायची पद्धत तीच.

मग 2023 उजाडलं. सिंहगड रोडला एक काकू अनारशाचं तयार पीठ विकतात, तांदूळ तीन दिवस भिजत घालून, रोज पाणी बदलून, सावलीत वाळवून, दळून गुळात कालवलेलं. त्या वर्षी अधिक श्रावण होता, 18 जुलै ते 16 ऑगस्ट, म्हणजे जावयाला 33 अनारसे द्यायचा महिना. काकूंना पत्रकं हवी होती, बास. मी सहज विचारलं की पीठ नेलेल्या बायका परत फोन करतात का, तर त्यांनी गल्ल्याखालून एक शंभर पानी वही काढली. तारीख, फोन नंबर आणि पुढे एकच शब्द, 'हसला'. पान उलटलं तरी हसला, हसला, हसला. तुपात सोडल्यावर अनारसा विरघळून पसरला की आपल्याकडे तो हसला म्हणतात, आणि पीठ विकत न्यायला बायका घाबरतात त्या यालाच, चवीचा प्रश्नच नव्हता.

पत्रकं आम्ही छापलीच नाहीत. पाकिटावर मोठ्या अक्षरात एकच ओळ घेतली, "अनारसा हसला तर काकूंना फोन करा", खाली नंबर. मागच्या बाजूला काकूंच्याच शब्दांत सूचना: आधी एकच करून बघा, आच मंद ठेवा, खसखशीची बाजू वर, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप सोडत राहा. काकूंच्या हाताचा जवळून काढलेला एक छोटा व्हिडिओ केला, जाळी पडताना दिसते तेवढाच, तो लोकांच्या घरच्या ग्रुपवर आपोआप फिरला. महिनाभर काकू आणि त्यांची सून दोघी फोन घेत होत्या आणि वही भरत होत्या, कोणाचा कशाने बिघडला, कोणाचा जमला, कोणी परत पीठ नेलं. दिवाळीलाही तसंच चाललं.

एंट्री भरायची वेळ आली तेव्हा मी भीत भीत आकडे मागितले. काकूंनी वहीच हातात दिली, "ने, पण गूळ लावू नकोस पानांना" म्हणाल्या. किती किलो गेलं ते इथे लिहीत नाही, तो त्यांचा व्यवहार आहे, पण अधिक महिना नसलेल्या आदल्या वर्षाशी तुलना केली तर परीक्षक उगाच भुलतील म्हणून आम्ही दिवाळीची दिवाळीशीच तुलना लावली आणि तसं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलं. माझ्या मते अवॉर्ड तिथेच मिळालं. आकडे थोडे कमी दिसले तरी चालतील, पण खरे हवेत.

समारंभाला काकू नऊवारी नेसून आल्या होत्या, नाव पुकारल्यावर मी त्यांना पुढे केलं. ट्रॉफी एकच मिळते, दुसरी हवी तर पैसे भरून करून घ्यावी लागते, ती आम्ही करून घेतली आणि ऑफिसला ठेवली, खरी त्यांच्या दुकानात वजनकाट्याशेजारी आहे.

आता 2026 चा अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. ऐन उन्हाळ्यात पीठ लवकर सैल पडतं असं काकूंचं म्हणणं, त्यामुळे पाकिटामागच्या सूचना बदलायच्या आहेत, आणि वही नवीन घेतलीये, दोनशे पानी.