अंगणातली खाण

कर्नाटकातल्या लोंढ्याजवळच्या आमच्या मराठी शाळेत मालगाडीचा आवाज आला की पोरं डबे मोजायला लागतात. त्या दिवशी सातवीतल्या एकानं फाटकाजवळ सापडलेला काळपट दगड टेबलावर ठेवला. "सर, उचलून बघा."

मुठीएवढा दगड, पण तेवढ्याच जांभ्याच्या दुप्पट जड. बळ्ळारी-होस्पेटकडून वास्कोला जाणाऱ्या गाडीतून पडला असणार. फुटक्या बशीच्या खरखरीत बुडावर घासला, तर तांबडी रेघ उठली. हेमटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज; हे नावच रक्ताच्या ग्रीक शब्दावरून आलंय. अख्खा वर्ग टेबलाभोवती गोळा झाला.

"जगातली सगळ्यात मोठी लोखंडाची खाण केवढी असंल?"

ब्राझीलमधल्या काराजासचं सांगितलं. १९६७ साली भर जंगलात उघडे डोंगरमाथे दिसले, तिथं हेलिकॉप्टर उतरलं आणि पायाखाली लोखंडच निघालं. आज तिथलं खनिज ८९२ किलोमीटर रेल्वेनं समुद्रावर जातं. पण आकडे ऐकून पोरांच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नव्हतं. मग सगळ्यांना अंगणात घेतलं.

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात हिबिंग गावाला लागून हल-रस्ट ही उघडी खाण आहे. पाच किलोमीटर लांब, तीन रुंद, १६० मीटर खोल. एक किलोमीटरला एक मीटर धरून चुन्याच्या फक्कीनं ती आखली. त्या मापानं खोली सोळा सेंटिमीटर, वीतभरही नाही. एवढ्याशा खोलीला पोरं हसली. मी म्हटलं, त्या वितीत पन्नास मजली इमारत बुडंल. हसणं थांबलं.

खनिज गावाखालीच होतं, म्हणून १९१९ पासून गावच हलवलं. काठाशी खडे मांडून दाखवलं: घराखाली ओंडके घालायचे, घोडे नाहीतर वाफेचं यंत्र जुंपायचं आणि आख्खं घर दक्षिणेला तीनेक किलोमीटर ओढत न्यायचं. अशा सुमारे २०० इमारती गेल्या. एक हॉटेल तर ओंडक्यांवरून घसरून वाटेतच मोडलं. पोरं खडे सरकवायला पुढं आली.

भीमगड अभयारण्याच्या जंगलातल्या वाडीवरची एक पोर तेवढी मागं उभी होती. तिच्या वाडीला सध्या उठण्याचीच बोलणी चालू आहेत, हे मला माहीत होतं. धडा रंगवण्याच्या नादात विसरलो, याचं आजही वाईट वाटतं.

"सर, झाडं कशी न्हेली?"

"झाडं नाही नेता येत गं."

"आमच्या दारात फणस हाय. आजीच्या सासऱ्यानं लावलेला."

मला पुढं बोलवेना. सुट्टीची घंटा झाली, पोरं पांगली. ती मात्र खाली बसली. सगळी घरं तीन मीटर पलीकडं नीट ओळीनं लावली, आणि खाणीच्या काठावर, खडे उचलले होते तिथं, एक हिरवी काडी रोवली.