लेसर लाइट नव्हे, लेसर पॉइंटर

पौषातल्या अमावास्येच्या आधीच्या शनिवारी शाळेच्या पटांगणावर आकाशदर्शनाचा कार्यक्रम घ्यायचा, एवढेच आम्ही ठरवले होते. आमचे गाव बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सांबऱ्याला उतरणारे संध्याकाळचे विमान कधीकधी आमच्या डोक्यावरूनच जाते, म्हणून तारे दाखवायला हिरवा लेसर वापरण्याआधी लेखी परवानगी घ्यावी, असे मीच सुचवले. ही सूचना मला एकवीस दिवस आणि सात हेलपाट्यांना पडली. मुख्याध्यापकांचे पत्र, पटांगणाचा नकाशा, दुर्बिणीची व्यवस्था यांपैकी कशालाच वेळ लागला नाही, तेव्हा त्यांच्याविषयी लिहीत नाही.

मराठीतला अर्ज खिडकीवरूनच परत आला. ‘सर, कन्नडात आणा की,’ एवढेच उत्तर मिळाले. सीमाभागात राहणाऱ्याला याचे नवल वाटत नाही. मी कार्यालयासमोर बसणाऱ्या टायपिस्टाला मजकूर समजावून सांगितला आणि त्याने दहा मिनिटांत छान कन्नड अर्ज तयार केला. मला कन्नड वाचता येते, पण अडखळत. त्यामुळे ‘लेसर पॉइंटर’च्या जागी त्याने ‘लेसर लाइट’ असे लिहिले आहे, हे माझ्या नजरेतून सुटले. त्या एका शब्दाने माझा अर्ज मिरवणुकांची परवानगी पाहणाऱ्या टेबलावर जाऊन पडला.

‘गणपती होऊन तीन महिने झाले की सर,’ असे म्हणून तिथल्या लिपिकाने माझ्यापुढे छापील फॉर्म सरकवला. डीजेच्या मालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, ध्वनिवर्धकांची संख्या आणि आवाज किती वाजेपर्यंत राहील, असे त्यातले रकाने होते. ध्वनिवर्धकांपुढे मी ‘शून्य’ लिहिले, तर शून्य चालत नाही म्हणून फॉर्म परत आला. पुढच्या खेपेला साहेब रजेवर होते, त्याच्या पुढच्या खेपेला फाइल ‘वर’ गेली होती, आणि वर म्हणजे नेमके कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. रागाच्या भरात एकदा मी कार्यक्रम लेसरशिवायच करायचे ठरवून घरी आलो. पण चाळीस मुलांना नुसत्या बोटाने कृत्तिका दाखवून पाहा. प्रत्येक जण वेगळ्याच ताऱ्याकडे पाहून ‘दिसला’ म्हणतो.

लिपिकाचा संशय अगदीच निराधार नव्हता, हेही लिहिले पाहिजे. मिरवणुकीत फिरणारे लेसर माझ्या पॉइंटरपेक्षा कितीतरी पट शक्तिशाली असतात आणि त्यांनी डोळ्यांचे पडदे भाजल्याच्या बातम्या पुण्या-कोल्हापुराकडून आलेल्या आहेत. माझा पॉइंटर 5 मिलिवॅट शक्तीचा, 532 नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरव्या रंगाचा. स्वस्त पॉइंटरवरच्या चिठ्ठीवर मात्र विश्वास ठेवू नये. हिरवा प्रकाश आतल्या 808 आणि 1064 नॅनोमीटरच्या अदृश्य किरणांपासून तयार होतो, आणि ते अडवणारी गाळणी स्वस्त मालात अनेकदा बसवलेलीच नसते.

लाल पॉइंटर मी आधी घेऊन पाहिला होता. 650 नॅनोमीटरचा तो किरण हवेत जवळजवळ दिसतच नाही, कारण लांब तरंगलांबीचा प्रकाश हवेतल्या रेणूंवरून कमी विखुरतो. हिरवा त्याच्या दुपटीहून अधिक विखुरतो. शिवाय अंधाराला सरावलेला डोळा 507 नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण असतो, म्हणून हिरवी रेघ थेट ताऱ्याला टेकल्यासारखी दिसते. 405 नॅनोमीटरचा जांभळा विखुरतो भरपूर, पण डोळ्याला फिका भासतो. तो फिका आहे म्हणून निरुपद्रवी, असे मात्र कोणी समजू नये.

सातव्या खेपेला मी पॉइंटरच खिशात घालून गेलो. साहेब स्वतः भेटले, वस्तू हातात घेतली आणि मी काही बोलायच्या आत समोरच्या काचेच्या कपाटाकडे रोखून बटण दाबू लागले. मी उद्धटपणाने त्यांच्या हातापुढे फाइल धरली. हिरवा ठिपका फाइलच्या पुठ्ठ्यावर थरथरला. काचेवरून परतलेला किरणही डोळ्यांत जाऊ शकतो, हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग दिवेलागणीपर्यंत थांबवून घेऊन त्यांनी मला मागच्या अंगणात नेले आणि ध्रुव कुठे आहे, असे विचारले. बेळगावहून ध्रुव क्षितिजाच्या वर जेमतेम सोळा अंशांवर असतो आणि तिथे तर नारळाचे झाड आडवे आले होते. मी झाडाच्या शेंड्याच्या जरा खाली रेघ धरली आणि ‘याच्या मागे’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी पत्र मिळाले. त्यात ‘लेसर लाइट’ खोडून कोणीतरी पेनाने ‘तोरिसुव कड्डी’, म्हणजे दाखवायची काडी, असे लिहिले होते. अर्ज करणाऱ्याने पहिल्याच दिवशी हा शब्द वापरावा.

पत्रातली अट एकच होती: विमानाचा आवाज येताच किरण बंद करावा. कार्यक्रमाच्या आधी मी मुलांना ती समजावून सांगितली, त्यांना माझ्या पाठीमागे उभे केले आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटे मोबाइल बंद ठेवायला लावले. थंडीत हिरवा पॉइंटर मंदावतो, हे आधीच सांगायला हवे होते. म्हणून तो मी स्वेटरच्या आत ठेवत होतो. मृग, रोहिणी, व्याध दाखवून झाल्यावर रेघ दक्षिणेकडे अगस्त्यावर नेली, तोच पश्चिमेकडून घरघर ऐकू आली. मी मान वळवण्याआधीच पाठीमागून सगळी पोरे एकदम ओरडली, ‘सर, बोट काढा!’