ताशी सहा किलोमीटर

कोरोनाच्या साथीत, जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियात सोल आणि आसपासच्या व्यायामशाळांसाठी नियम निघाले. त्यातले दोन जगभर गाजले. ट्रेडमिलचा वेग ताशी ६ किलोमीटरच्या वर न्यायचा नाही, आणि सामूहिक व्यायामाच्या वर्गात लावलेल्या गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांच्या पुढे जाता कामा नये. लोकांना हसायला आयतंच निमित्त मिळालं. विषाणूला ताल कळतो की काय? ११९ ठोक्यांना तो डुलक्या काढतो आणि १२१ ला खडबडून उठतो? मला मात्र हा नियम लिहिणारा अधिकारी भलताच आवडला. त्याला आवर घालायचा होता धापेला. आता व्यायामशाळेच्या दारात उभं राहून कोणाची धाप कशी मोजणार? पट्ट्याचा वेग आणि गाण्याची लय तेवढी मोजता येते. म्हणून त्याने तेच धरलं.

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. तोच जीव खाऊन पळायला लागला की आकडा शंभरीकडे सरकतो, कसलेल्या खेळाडूचा तर शंभरीही ओलांडतो. म्हणजे हवेच्या हिशेबात एक धावणारा डझनभर बसलेल्यांना भारी. याचा धडा कोरियाला आधीच मिळाला होता. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चॉनान शहरात झुंबासारख्या नाचाच्या वर्गांतून संसर्ग पसरला आणि १२ क्रीडाकेंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. खोल्या लहान, माणसं दाटीने, तासभराचा नाच. पण त्यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथेच एका बाधित प्रशिक्षिकेने सात-आठ जणांना योग आणि पिलाटेस हे संथ व्यायामप्रकारही शिकवले होते. त्या वर्गातल्या कोणालाही लागण झाली नाही. एवढ्यावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरं. तरी संथ श्वासाच्या बाजूने एक साक्ष नोंदवून ठेवायला हरकत नाही.

व्यायामाचे आजवरचे सगळे नियम एकाच माणसाची काळजी करत आले: करणाऱ्याची. गुडघा जपा, कंबर जपा, पाणी प्या. धावणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे, की दुखणं मानेच्या वर असेल तर थोडा हलका व्यायाम चालतो, मानेखाली उतरलं किंवा ताप असला तर मुकाट्याने झोपायचं. साथीत हा ठोकताळा निकालात निघाला. नुसतं नाक वाहतंय, अंगात ताकद आहे, तुम्हाला काहीच होणार नाही. पण शेजारच्या सायकलवर बसलेल्याचं काय? 'माझं मी बघून घेईन' म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत झाली. आणि व्यायाम करणाऱ्यांत ही जमात जरा जास्तच असते.

बाहेर मोकळ्यावर तरी निर्धास्त असावं, तर एप्रिल २०२० मध्ये संगणकावर काढलेली रंगीत चित्रं फिरू लागली. पळणाऱ्याच्या मागे तुषारांचा पिसारा, आणि सल्ला असा की थेट कोणाच्या मागे चालत असाल तर ४ ते ५ मीटर, पळताना १०, जोरात सायकल मारताना २० मीटर अंतर सोडा. अभ्यास हवेच्या प्रवाहाचा होता. त्यातून लागण किती होते हे त्यात तपासलेलंच नव्हतं, आणि तज्ज्ञांच्या नजरेखालून जाण्याआधीच तो घरोघरी पोचला. त्याच महिन्यात पॅरिसने सकाळी १० ते संध्याकाळी ७ धावायला बंदी घातली. हेतू चांगला, पण सगळ्या धावणाऱ्यांना दिवसाच्या दोन टोकांना ढकललं तर गर्दी कुठे होईल, हे सांगायला संगणक लागत नाही. उघड्यावर धोका पुष्कळच कमी, हे पुढे स्पष्ट होत गेलं. मास्कचाही असाच घोळ. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं होतं की जोराचा व्यायाम मास्क लावून करू नये, घामाने तो भिजतो, श्वास अडतो; त्याऐवजी अंतर ठेवा. मग मास्क हनुवटीवर आला आणि समोरून कोणी दिसलं की नाकावर चढू लागला. तेवढा तरी शिष्टाचार.

उरलं घर. एका फ्रेंच गड्याने मार्च २०२० मध्ये आपल्या सात मीटरच्या बाल्कनीत अख्खी मॅरेथॉन पळून काढली. हिशेब केला तर सहा हजारांवर फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरीला गर्रकन वळायचं. माझ्या डोळ्यांसमोर त्याचे घोटेच येतात.

घरातला व्यायाम सुरक्षित, असं आपण विषाणूपुरतं म्हणतो. एरवी घर म्हणजे टेबलाचे कोपरे, सरकणारी पायपुसणी, मोजे घालून गुळगुळीत फरशीवर मारलेल्या उड्या. डंबेल्स बाजारातून गायब झाली तेव्हा लोकांनी पाण्याच्या बाटल्या उचलल्या. कल्पना नामी, एक लिटर म्हणजे बरोबर एक किलो. पण बाटलीला धड पकड नसते आणि घामेजल्या हातातून ती नेमकी पायाच्या अंगठ्यावर उतरते. शिवाय पडद्यावरच्या शिक्षकाला तुम्ही दिसत नाही. फळीसारखं ताठ राहायच्या आसनात तुम्ही मान वाकडी करून त्याच्याकडे बघत असता आणि तो म्हणतो, 'छान! असंच!' कोणाला म्हणतो देव जाणे. यात भर नव्या उत्साहाची. दम महिन्या-दोन महिन्यांत वाढतो, स्नायूही भरतात. त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा मात्र रक्तपुरवठा कमी असल्याने फार हळू तयार होतात. मनाने पंचवीस बैठका मंजूर केल्या तरी टाचेमागची कंडरा ठराव अडवून धरते. वरच्या मजल्यावरून उड्यांचे धपाधप आवाज एक दिवस एकाएकी थांबले, की मला या कंडरांचीच शंका येई.

सगळ्यांत अवघड होतं ते दुखण्यातून उठल्यावर. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी जानेवारी २०२१ मध्ये सुचवलं, की लक्षणं पूर्ण गेल्यावर किमान सात दिवस थांबा, मग पहिले दोन आठवडे अगदी नाममात्र श्रम, आणि प्रत्येक पायरीवर अंगाची तक्रार ऐका. छातीत दुखलं, धडधडलं तर आधी डॉक्टर. कारण विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आणली असेल तर त्या हृदयाला पळवणं जिवावर बेतू शकतं. जे आधी रोज दहा किलोमीटर पळायचे, त्यांना हे पंधरा दिवस तापापेक्षा जड गेले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ तर आजाऱ्यालाही 'उठा, आजचं लक्ष्य बाकी आहे' म्हणून टोचत राहतं.

त्या घड्याळापेक्षा जुनी कसोटी बरी. चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे श्रम मध्यम. दोन-चार शब्दांवर दम अडकला तर ते जास्त झाले. खोट एकच, बोलायला सोबत कोणी लागतं, आणि धापा टाकत कोणाशी तोंडाला तोंड लावून बोलायचं नाही हाच तर साथीचा पहिला नियम. म्हणून त्या काळात एकटाच मोठ्याने काहीबाही बडबडत चालणारा माणूस दिसला, की मी त्याला वेड्यात काढत नसे. पाढे म्हणत असला तर उत्तमच. फक्त तो गायला लागला तर थोडं भरभर चाल म्हणून सांगावंसं वाटे.