‘आहेर’ शॉर्टफिल्म: अंतरपाटाचा सीन झाला

मंडळी, ‘आहेर’मधला सगळ्यात अवघड सीन एकदाचा कॅमेऱ्यात आला! नव्यांसाठी गोष्ट थोडक्यात: एक माणूस बोलावणं नसताना लग्नाला येतो, पंगतीत पोटभर जेवतो, १०१ रुपयांचं पाकीट देतो आणि ऐन मुहूर्तावर अडकित्त्याने कुणाला तरी संपवतो.

चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्यामुळे कार्यालय अगदी स्वस्तात मिळालं. पत्र्यावर पाऊस मात्र धो धो, म्हणून संवाद नंतर डब करणार.

अंतरपाटावर खुन्याची सावली पडते, हा सीनचा जीव. सावली धारदार हवी तर दिवा लहान आणि लांब हवा, माणूस कापडाजवळ. हॉलच्या टोकाला एकच उघडा बल्ब ठेवला. खुनी बल्बाकडून कापडाकडे चालत येतो, तशी आधी अवाढव्य, धूसर दिसणारी सावली माणसाएवढी होत जाते. अंगावर काटा येतो! सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंदाचं शटर ठेवलं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा लुकलुकत नाही.

रक्तासाठी लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग, थेंबभर निळा, चिमूटभर कोको. नवरीची पैठणी मामेबहिणीची, तेव्हा तिच्यावर शिंतोडाही नाही. सगळं रक्त अंतरपाटावर, कुंकवाच्या स्वस्तिकाशेजारी.

आता एडिट, आणि इथे खरी मजा आहे. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतं. ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभर थांबा. आमची ओळ अशी:

आली ही नवरी नटून सजुनी, मृत्यू उभा मागुती

गुरुजी हे अगदी मनापासून, खणखणीत आवाजात म्हणतात. हसू तिथेच फुटतं. खून ‘सावधान’वर होणार असं प्रेक्षक धरून बसतो, म्हणून पहिल्या कडव्याला फक्त अक्षता पडतात. सगळे सैलावतात. दुसऱ्या कडव्यात, ओळीच्या मध्येच, यतीच्या त्या श्वासाएवढ्या जागेत अडकित्ता वाजतो. विनोदाचा आणि भीतीचा ताल एकच असतो असं मला ठाम वाटतं, आणि हा कट बघून तुम्हालाही पटेल.

हातातला अडकित्ता फोमशीटचा, चंदेरी रंगवलेला. आवाज मात्र खऱ्या अडकित्त्याचा, सुपारी माइकजवळ धरून कातरलेला.

पुढे पंगतीचा सीन. कुणी स्वतः सनई वाजवत असेल आणि वापरायची परवानगी देत असेल, तर कळवा. श्रेयनामावलीत नाव आणि शूटिंगच्या दिवशी जिलबी नक्की.