मोरामागची जर

"38 हजार," भाची म्हणाली आणि तिनं मोबाइल उशीवर पालथा टाकला.

जेवणं उरकून आम्ही तिघी पंख्याखाली आडव्या झालो होतो. सांगलीच्या विश्रामबागेत दुपारी दोनला कुकरची शिट्टीसुद्धा वाजत नाही, त्यामुळे वाक्य स्वच्छ ऐकू आलं. अर्थ मात्र लागला नाही. आईला वाटलं, पगारवाढ. "बरं झालं बाई, देवापुढं साखर ठेव," असं म्हणून ती कुशीवर वळलीसुद्धा. मग कळलं की हा भाव आहे, आणि तो बॅगेचा.

बॅग कोचावर बसली होती. बसली होती असंच म्हणायला हवं, कारण घरात आल्यापासून भाचीनं तिला जमिनीवर टेकू दिलं नव्हतं. लुई व्हिटॉन या फ्रेंच कंपनीची, 'नेव्हरफुल' नावाची. 2018 साली ऑफिसच्या कामासाठी पॅरिसला गेली होती तेव्हा घेतलेली, 80 हजारांच्या घरात. त्या वेळी आम्हाला किंमत सांगताना तिनं एक शून्य गिळलं होतं, आणि तरीही "आठ हजारांची पिशवी?" म्हणून आईनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आता बेंगळुरूला लहान फ्लॅटमध्ये जायचंय, सामान कमी करायचंय. (या पिढीला सामान घेण्यापेक्षा ते कमी करण्याचा उत्साह दांडगा. आमच्या माळ्याकडं ती कुठल्या नजरेनं बघते ते मला आता ओळखू येतं.)

खरं तर विकायला दोन बॅगा काढल्या होत्या. दुसरी एका अमेरिकन कंपनीची, तिकडच्या आउटलेटमधून घेतलेली. आउटलेटात नेहमीच्या दुकानातलाच माल स्वस्तात मिळतो, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तो माल मुळात आउटलेटसाठीच वेगळा बनवलेला असतो आणि हे ज्ञान विकायला निघाल्यावर होतं. तिचा भाव मी इथं लिहीत नाही. भाजीच्या पिशवीला बरा म्हणावा असा होता.

जुन्या बॅगा घेणाऱ्या कंपन्या आता आपल्याकडंही झाल्यात. त्यांना फोटो पाठवायचे. चारी कोपरे, शिलाई, हँडल, आतलं अस्तर, शिवाय आत कुठंतरी दडलेला कोड. दोन अक्षरं आणि चार आकडे. त्यातला पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे बॅग कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात जन्मली ते समजतं. 2021 पासून हे बंद करून लुई व्हिटॉननं आत चिपच घालायला सुरुवात केली. आईला हा कोड फार आवडला. चष्मा लावून तिनं दोनदा वाचला आणि "वेळ नाही दिलेली," एवढंच म्हणाली.

मग भाव येतो. लगेच पैसे हवे असतील तर कमी. बॅग त्यांच्याकडं ठेवून दिली आणि ती विकली गेली की कमिशन कापून, तर जरा जास्त. पण कधी, ते देव जाणे. शिवाय कंपनीनं विचारलं, खोका आहे का? पावती? धूळ बसू नये म्हणून कापडी पिशवी देतात, ती? हे सगळं असेल तर भाव चढतो.

ही ओळ भाचीनं वाचून दाखवली तेव्हा मी उठून बसले. आयुष्यभर घरच्यांनी मला खोक्यांवरून बोलून घेतलंय. मिक्सर जाऊन जमाना झाला, त्याचा खोका आहे. इस्त्रीचा आहे, थर्माकोलसकट. घड्याळांचे, चपलांचे, एका भेट आलेल्या टी सेटचा, ज्यातला आता फक्त दुधाचा मग उरलाय. पावत्या तर तारखेप्रमाणं सुतळीत ओवलेल्या. आणि पॅरिसमधल्या लोकांना, लंडनमधल्या लोकांना, जगातल्या तमाम श्रीमंत बायकांना शेवटी हेच लागतं, खोका आणि पावती! भाचीनं खोका टाकून दिला होता. पावती कुठल्यातरी मेलमध्ये असेल म्हणाली. ती पिवळट, मऊ कापडाची पिशवी मात्र गेल्या दिवाळीत ती आमच्याकडं विसरली होती, आणि ती सुरक्षित होती. आत पुरणयंत्र होतं. मी ती लगेच काढून दिली. भाचीनं नाकाशी नेली आणि काही न बोलता बाजूला ठेवली.

तेवढ्यात मी विचारलं की एवढं चामडं, तर ते किलोवर तरी जात असेल ना? तर कळलं की बॅगेचा अंगभर नक्षी असलेला भाग चामड्याचा नाहीच. सुती कापडावर लेप चढवलेला.

"म्हणजे मेणकापड?" आई म्हणाली.

"कॅनव्हास, आजी."

"तेच ते."

ती नक्षी 1896 सालची. मूळ लुई व्हिटॉनचा मुलगा जॉर्ज, त्यानं ती काढली, कशासाठी, तर लोक मालाची नक्कल करत होते ती थांबावी म्हणून. आज कुठल्याही बाजारात जा, चारशे रुपयांपासून पुढं तीच फुलं आणि तीच अक्षरं लटकलेली दिसतात. बिचाऱ्या जॉर्जला कुणी हे कळवू नये.

हँडल आणि कडा मात्र खऱ्या कातड्याच्या. त्या कातड्यावर रंग, पॉलिश काही चढवत नाहीत. नवं असताना ते सायीच्या रंगाचं असतं. मग हाताचं तेल, घाम, ऊन लागून लागून मधाच्या रंगावर जातं. दुकानात हाच तिचा गुण म्हणून सांगतात, वापराल तशी खुलेल वगैरे. विकायला काढली की तोच रंग 'हँडल काळवंडलेले' या नावानं वजाबाकीत येतो. भाचीच्या बॅगेचं डावं हँडल उजव्यापेक्षा जास्त काळं आहे. भावोजींच्या आजारपणात पुण्याच्या हॉस्पिटलात ती हीच बॅग मांडीवर घेऊन बसायची. रिपोर्टांच्या फायली त्यात उभ्या मावायच्या. हे अर्थात फोटोत येत नाही, आणि आलं असतं तर आणखी दोन हजार कमी झाले असते.

आमच्या जिल्ह्याला तरी या सगळ्याचं नवल वाटायला नको. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, इकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजाराच्या बोळात शिरा, जुनं सोनं मुशीत वितळवून शुद्ध करून देणारा आपला माणूस भेटतो आणि "कुठलं गाव?" म्हणून चहा मागवतो. आमच्या शेजारचे काका तमिळनाडूत हाच धंदा करून परत आले. ते सांगतात, मुशीत गेलं की कोयरी कुठली आणि चिंचपेटी कुठली, सगळ्याचा एकच लाल गोळा. सांगलीच्या सराफकट्ट्यावर मोड द्यायला गेलेल्या कुठल्याही बाईला हे न शिकवता ठाऊक असतं. खडे, लाख काढून वजन होणार, घट धरणार, घडणावळ बुडाली. त्यावर कुणी भांडत नाही. खाली सोनं शिल्लक असतं, आणि त्याचा भाव तोवर चढलेला असतो. भाचीच्या बॅगेत सगळी घडणावळच. मुशीत घातली तर काय हाती लागेल, मेण?

हे मी तिला म्हणाले नाही. म्हणायला गेले आणि मध्येच मला जरीवाला आठवला.

आम्ही तेव्हा गावभागात वाड्यात राहायचो. दुपारीच यायचा तो. "जुनी जरऽऽ, फाटक्या पैठण्याऽऽ" अशी आरोळी लांबून यायची आणि वाड्यातल्या बायका एकमेकींकडं न बघता ट्रंका उघडायच्या. जरीवाला सोप्यावर मांडी घालून बसायचा. लहानसा तराजू, कात्री, काड्यापेटी. साडीतून एक तार ओढायची, काडी लावायची. केस जळल्यासारखा वास यायचा, तो आतल्या रेशमाचा. जळून जे पांढरं उरायचं ते बोटानं चोळून तो सांगायचा, चांदी आहे की नुसतीच चमक. ती काडी ओढायची वेळ आली की आम्ही पोरं श्वास धरून बसायचो. कुणाकुणाच्या लग्नातल्या साड्या त्या काडीवर खोट्या निघाल्या. त्या बायका मग घाईनं साडी गोळा करून आत जायच्या आणि संध्याकाळपर्यंत सोप्यावर यायच्या नाहीत.

आमच्या आजीची पैठणी होती. आईकडं आलेली. घडीवर पार विरलेली, नेसायचं नाव नको, हात लावला तरी चिरायची. पदरावर मोर होते. जर अस्सल निघाली. जरीवाल्यानं काठ कापले, पदर कापायला घेतला, आणि आई म्हणाली, "एक मोर राहू दे मला."

"ऱ्हाऊ द्या की वैनी," जरीवाला म्हणाला. "मोर रेशमाचा हाय, जाळल्यावर काय ऱ्हातंय त्येचं? पन त्येच्या मागची जर जाती न्हवं."

पैठणीचा पदर असाच असतो. सगळी जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची. जरीवाल्याच्या हिशेबात मोराची किंमत शून्य होती. पण मोर काढायचा तर त्याच्या मागची जर त्याच्याबरोबर जाणार, म्हणून मोर महाग. आईला हे समजायला वेळ लागला. मग तिनं त्याच्या हातातली कात्री घेतली आणि मोर कापला, मागच्या जरीसकट, चांगला ऐसपैस. जरीवाल्यानं उरलेलं तराजूत टाकलं. पैशांचं एक स्टीलचं पिंप आलं. आई दोन्हीपैकी कशावरच काही बोलली नाही, पण पिंप घरात आल्यावर तिनं त्यावर स्वतःचं नाव घालून घेतलं, आजीचं नाही, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

भाचीचा राग एव्हाना पैशांवरून दुसरीकडं वळला होता. तिला म्हणे इंटरनेटवरच्या बायकांनी फसवलं. बॅग म्हणजे इन्व्हेस्टमेंट, असं त्या सगळ्या जणी सांगतात. खरी गोष्ट अशी की घेतल्या किमतीहून वर जाणाऱ्या बॅगा मोजक्याच. त्यात पहिली ती एर्मेसची बर्किन. एर्मेस ही 1837 ची पेढी, मुळात घोड्यांचं सामान बनवणारी. दोन सुया आणि एक दोरा घेऊन हातानं घालायची ती खोगिराची शिलाई अजूनही बॅगांना घालतात. बर्किन 1984 ची. जेन बर्किन नावाची नटी-गायिका विमानात एर्मेसच्या प्रमुखाशेजारी बसली होती आणि तिचं सामान सांडलं. तोवर ही बाई वेताची टोपली घेऊन जगभर हिंडायची! तिच्यासाठी म्हणून ती बॅग बनली. ती दुकानात गेलं आणि घेतली अशी मिळत नाही, म्हणून बाहेर चढ्या भावानं जाते. तर त्या जेन बर्किनची स्वतःची, पहिलीवहिली बॅग 2025 च्या जुलैत पॅरिसला लिलावात निघाली. वापरून वापरून ओरखडे पडलेली, वर चिकटवलेल्या स्टिकरांच्या खुणा, आणि तिचं नेलकटर तसंच टांगलेलं. 86 लाख युरोंना गेली. आपले जवळजवळ 86 कोटी रुपये.

"नेलकटरसकट?" आई म्हणाली.

"नेलकटरसकट."

आईनं यावर बराच विचार केला. मीही केला. म्हणजे बॅग वापरल्यानं भाव उतरतो हे खोटंच. कुणी वापरली त्यावर आहे. एकीचे ओरखडे मोजून पैसे देतात, दुसरीचे मोजून पैसे कापतात. डावं हँडल जास्त काळं असण्याला जेन बर्किनच्या बाबतीत लिलावाच्या पुस्तकात वेगळा परिच्छेद मिळाला असता. इथवर मला फार मोठं काहीतरी हाती लागल्यासारखं झालं होतं, पण भाचीनं मध्येच विचारलं की भाव फक्त आठवडाभर धरून ठेवणार आहेत, मग काय करू? आणि ते जे काय होतं ते निसटलं.

"मला विचारशील तर हिला वर चेन नाही," आई म्हणाली. "सगळी उघडी. एस्टीत कुणीही हात घालील. 38 देतायत ना, देऊन टाक."

भाची उठून चहा टाकायला गेली. रागावली होती की हसत होती ते पाठमोरं कळलं नाही.

तो मोर आईनं एका पत्र्याच्या डब्यात ठेवला होता, डबा ट्रंकेत. 2005 ला पुराचं पाणी वाड्यात शिरलं तेव्हा ट्रंक खालीच राहिली. नंतर चिखल उपसताना आम्ही भांडी शोधली, कागद वाळवले, फोटो एकमेकांपासून सोडवले. मोराचं नाव कुणी काढलं नाही, मीही नाही. 2019 ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आईला कायमची विश्रामबागेत आणली, आणि वाड्यातलं जे उरलं होतं ते कुणाकुणाला देऊन टाकलं. तेव्हाही विचारायचं राहिलं. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा विचारलं, "आई, त्या पैठणीचा मोर गं, त्याचं शेवटी काय झालं?"

"कसला मोर?" आई म्हणाली. "आणि तिला म्हणावं, माझ्या चहात साखर नको."